मे महिन्याचा तिसरा आठवडा

डिसेंबरचा पहिला सोमवार जवळ आला की प्रणिताबाई मोबाइल पालथा घालून ठेवायच्या. त्या दिवशी हिमकुंडाचं पत्र येई. येई मोबाइलवरच, पण भाषा जुन्या सरकारी लिफाफ्यातली. सन्माननीय हक्कदार, आपणांस कळविण्यास आनंद होतो की, आणि त्यापुढे कुणालाही आनंद होणार नाही असा एक आकडा. अकरा वर्षांपूर्वी तो बारा हजार होता. मागच्या डिसेंबरात शहात्तर हजार. यंदा त्यांनी चष्मा ओढणीला पुसून पुन्हा पाहिलं, तरी एक लाख चार हजारच दिसत होते. वर्षातून एकदा, सात दिवस राहायच्या खोलीची ही वार्षिक देखभाल.

"खोलीची देखभाल करतेत का कंपनीच्या जावयाची?" गजाननराव म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

प्रणिताबाईंना हसू आलं नाही. पत्र आलं की आकडा कळवायला तायडे मॅडमला फोन करायचा असे, आणि तो फोन त्यांना अलीकडे फार जड जाई.

प्रणिता धांडे अकोल्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. ललिता तायडे त्याच शाळेत मराठी. वीस वर्षं एका टेबलावर डबे खाल्ले तरी दोघी एकमेकींना मॅडमच म्हणत, कारण आमच्याकडे मास्तरणी एकदा मॅडम झाली की ती मैत्रिणीचीही मॅडम होते. स्टाफरूममध्ये बारा जणींची भिशी होती आणि ती प्रणिताबाई चालवायच्या. त्या भिशीतून कुणी मिक्सर घेतला, कुणी सोनं, एकीने नवऱ्याला पत्ता लागू न देता स्कूटर घेतली. अकरा वर्षांपूर्वी मात्र सगळ्यांनी मिळून थंडी विकत घेतली होती.

ती कशी, हे सांगायला हवं. चिखलदऱ्याच्या पठारावर एका कंपनीने हिमकुंड नावाची वसाहत बांधली. तिथल्या खोल्यांच्या छतांवर एक पांढरी फिल्म बसवलेली होती. प्रत्येक गरम वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकत असते. त्यातले बरेचसे किरण हवा अडवून धरते, पण काही ठरावीक तरंगलांबीचे किरण तिला अडवता येत नाहीत. ते सरळ अवकाशात निघून जातात. ही फिल्म नेमके तेच किरण बाहेर टाकते. त्यामुळे हिवाळ्यातल्या कोरड्या, निरभ्र रात्री छतावर सोडलेलं पाणी आजूबाजूच्या हवेपेक्षा दहा अंशांनी खाली उतरतं आणि पहाटेपर्यंत गोठतं. विजेचा एक दिवाही न जाळता तयार झालेला हा बर्फ काळ्या खडकात खोदलेल्या खोल टाक्यांत साठतो आणि मे महिन्यात खोल्या गार ठेवतो. म्हणजे जानेवारीत कमवायचं आणि मे महिन्यात खायचं, असा सगळा हिशेब.

आणि मे महिन्यात खायला का हवं, तर अकोल्याच्या रात्रींमुळे. दिवसा अठ्ठेचाळीस अंश लोकांच्या अंगवळणी पडले होते. रात्रही पस्तिसाखाली उतरेना, तेव्हा घात झाला. एसी होते, पण ऐन मे महिन्यात रात्री वीज दर दोन तासांनी जायची. दिवसभर तापलेलं शरीर रात्री स्वतःची दुरुस्ती करतं. रात्रच तापलेली असली की ती दुरुस्ती राहून जाते, आणि वर्षावर वर्षं राहत गेली की मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या कायमच्या वाळतात. त्यावर डॉक्टरांना एक साधा तोडगा सापडला होता. उन्हाच्या कहरात सलग सात गार रात्री झोपायला मिळालं, तर त्या उन्हाळ्याची बरीचशी झीज भरून निघते. तोच आठवडा जानेवारीत घेतला तर त्याचा उपयोग शून्य. हे संशोधन तेव्हा नवीन होतं. स्टाफरूममध्ये ते एकट्या प्रणिताबाईंनी वाचलं होतं.

कंपनी महाबेरकी. मे महिन्याचा एक आठवडा हवा तर इतर महिन्यांचे अकरा पदरात घ्या, असा तिचा सौदा. बारा जणींना एकाच खोलीचे बारा आठवडे मिळाले, कायमच्या हक्काने. शाळेला सुट्टी मे महिन्यात, त्यामुळे तो आठवडा सगळ्यांनाच हवा होता. मग भिशीत करतात तेच करायचं ठरलं. चिठ्ठ्या टाकायच्या. आणि भिशीचा रिवाज असा की पहिला हात भिशी चालवणारीचा. सगळ्यांचे हिशेब सांभाळते, शिव्या खाते, म्हणून तिला तेवढा मान.

त्याच आठवड्यात गजाननरावांचा रिपोर्ट आला होता. ते वीज मंडळात लाइनमन. पंचवीस उन्हाळे खांबावर काढलेला माणूस. रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला लागलंय, मूत्रपिंडं जपा, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. प्रणिताबाईंनी घरी बसून बारा चिठ्ठ्या केल्या. अकरा उत्तरपत्रिकेच्या पुरवणीच्या कागदाच्या. बारावी चित्रकलेच्या वहीच्या कागदाची, तिच्यावर लिहिलं, मे महिन्याचा तिसरा आठवडा. रंग सारखा, घडी सारखी. पण वीस वर्षं पुरवण्या वाटलेल्या बोटांना डोळ्यांची गरज नव्हती. स्टीलच्या डब्यात पहिला हात गेला तो त्यांचा, आणि काय निघायचं ते निघालं.

शेवटची चिठ्ठी तायडे मॅडमच्या वाट्याला आली. जानेवारीचा तिसरा आठवडा. सगळ्या हसल्या. तायडे मॅडमही हसल्या, आणि प्रणिताबाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बरं झालं तुमालेच निघाला. धांडे भाऊंच्या तब्येतीले तोच पाहिजे होता."

हे वाक्य प्रणिताबाई अकरा वर्षं विसरू शकल्या नव्हत्या.

गजाननरावांचं क्रिएटिनिन मात्र तिथल्या तिथे थांबलं. दर मे महिन्यात सात रात्री ते पांघरूण घेऊन झोपत आणि खाली उतरताना दहा वर्षांनी तरुण दिसत. दरम्यान देखभालीचा आकडा फुगत गेला. हिवाळ्यातही आभाळ दमट राहू लागलं होतं. दमट हवा त्या किरणांची वाट अडवते, मग बर्फ कमी धरतो, मग कंपनी कॉम्प्रेसर लावते. भुर्दंड परवडेना म्हणून लोक हक्क सोडू लागले, आणि सोडणाऱ्याचा वाटा उरलेल्यांच्या डोक्यावर बसला. बर्फ सामायिक, सबब देखभालही समान, असं करारात होतं. म्हणजे थंडीच्या दिवसांत तिथे जाणाऱ्या, बर्फाचा एक खडाही न वापरणाऱ्या तायडे मॅडम मे महिन्यातल्या धांड्यांइतकेच पैसे देणं लागत होत्या. विज्ञानाच्या बाईंना हे गणित तोंडपाठ होतं. स्टाफरूममध्ये त्यांनी ते कधी फळ्यावर मांडलं नाही.

बारा जणींपैकी दहा जणींनी हात झटकले. उरल्या या दोघी. गेली सहा वर्षं तायडे मॅडम आपला वाटा परस्पर कंपनीच्या कार्यालयात भरत. प्रणिताबाईंना त्यात बरंच वाटायचं. त्यांच्या हातून पैसे घ्यायची वेळ येत नव्हती.

यंदा फोन करायच्या आधीच तायडे मॅडम रविवारी सकाळी घरी आल्या. हक्क सोडतेय म्हणून सांगायला आल्या असणार, असं प्रणिताबाईंना वाटलं आणि त्यांना आतून सुटल्यासारखं झालं, याचीही त्यांना लाज वाटली. पण तायडे मॅडमने पर्समधून कागद काढले. त्यांचे यजमान प्रकाशभाऊ रस्त्याच्या कामावर मुकादम होते, तापल्या डांबराजवळ सगळा जन्म गेलेला. कागदावर त्यांचं क्रिएटिनिन होतं. अजून एक असाच उन्हाळा गेला तर डायलिसिस, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"मॅडम, एक मागू का? नाही म्हणलं तरी मले राग नाही येणार," तायडे मॅडम म्हणाल्या. "यंदा एक डाव मे महिना मले द्या. तुम्ही माझ्या जानेवारीत जा."

यांना विचारून सांगते, असं प्रणिताबाई कशाबशा म्हणाल्या. चहा करायला आत गेल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. अकरा वेळा सात म्हणजे सत्त्याहत्तर रात्री. नीट चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी त्या तायडे मॅडमला मिळाल्याच असत्या असं नाही, बारात एक शक्यता. ही पळवाट त्यांनी आजवर शंभरदा वापरली होती. त्या सकाळी ओट्यापाशी ती वाट बंद झाली. तायड्यांच्या वाट्याची ती बारात एक शक्यताच तर त्यांनी काढून घेतली होती.

तायडे मॅडम गेल्यावर गजाननरावांना सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "दे ना मंग. आपला नंबर अकरा वर्षं लागला, एक वर्ष त्याइले लागू दे." प्रणिताबाईंनी रिपोर्ट, वय, सगळं सांगून पाहिलं. या रोगात सुजणारे पाय गजाननरावांनी कधी पाहिले नव्हते, म्हणून त्यांना भीती नव्हती. ते नशीबवान माणसासारखे हसले आणि त्यांनी पाकीट काढलं. आतल्या कप्प्यात, लेकीच्या फोटोमागे, ती चिठ्ठी होती. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ती मागून घेतली होती, शुभ म्हणून.

"हे पाह्य," ते म्हणाले, "किती उन्हाळे घामानं भिजली, पण फाटली नाही. कागदच मजबूत हाय."

प्रणिताबाई तिथेच सगळं सांगून मोकळ्या झाल्या. कागद मजबूत का आहे, पहिला हात कसा गेला, सगळं. गजाननराव ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चिठ्ठीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि ती पाकिटात न ठेवता टेबलावर ठेवली. दोन दिवस ते मीठ दे आणि दार लाव एवढंच बोलले. तिसऱ्या दिवशी माठ भरता भरता, तिच्याकडे न पाहता म्हणाले, "मी त्या खोलीत मे महिन्यात झोपणार नाही आता. तुले जायचं असन तर जाय."

संध्याकाळी प्रणिताबाईंनी फोन लावला. आधी खरं सांगायचं, मग आठवडा द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पण त्यांच्या तोंडून आधी मे महिना तुमचा एवढंच निघालं आणि पलीकडे तायडे मॅडम रडू लागल्या. देवमाणसं आहात, म्हणू लागल्या. त्या रडण्यापुढे प्रणिताबाईंनी उरलेलं वाक्य गिळून टाकलं. चार दिवसांनी तायडे मॅडम घरच्या कुरडयांचा मोठा डबा देऊन गेल्या. तो डबा फळीवर तसाच राहिला. चोरलेली वस्तू परत करावी आणि वर आभार घ्यावेत, याहून वाईट चव प्रणिताबाईंनी आयुष्यात चाखली नव्हती.

जानेवारीत दोघं हिमकुंडला गेली. कार्यालयातल्या बाईंनी किल्लीबरोबर दोन लांब दांड्यांचे पोछे आणि दोन बादल्या पुढे केल्या. प्रणिताबाई बघत राहिल्या.

"तायडे मॅडमचा आठवडा ना? सवलतीत नाव हाय त्याइचं," बाई म्हणाल्या, आणि जगातली सर्वांत साधी गोष्ट सांगावी तसं त्यांनी सांगितलं. छतावर धूळ बसली की तिच्यावर दव धरतं. दव धरताना उष्णता सोडतं, म्हणजे रात्रीचा गारवा बर्फ व्हायच्या आत तिथेच खर्च होतो. पूर्वी पुसायला माणसं होती, ती परवडेनाशी झाली. मग सहा वर्षांपूर्वी कंपनीने योजना काढली. हिवाळ्यातल्या ज्या हक्कदारांना देखभाल झेपत नाही, त्यांनी आठवडाभर रोज सूर्य मावळायच्या आत आपलं छत पुसायचं, दोन तृतीयांश माफ. तायडे मॅडमने सहा वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता.

शाळेत दर जानेवारीला तायडे मॅडम आपली किरकोळ रजा एकदम संपवून टाकायच्या आणि परत आल्यावर मजेत होतो म्हणायच्या, ते प्रणिताबाईंना आठवलं. त्यांच्या हातांना पडलेल्या भेगाही आठवल्या. थंडीच्या असतील असं तेव्हा वाटलं होतं.

खोलीत खिळ्याला एक जाड वही टांगलेली होती. रोजची नोंद तीत करायची. मे महिन्यातही ती तिथेच असायची, पण कार्यालयाची असेल म्हणून प्रणिताबाईंनी ती कधी उघडली नव्हती. पहिल्या पानापासून तायडे मॅडमचं टपोरं, फळ्यावरचं अक्षर. छत पुसले, सायंकाळी पाच चाळीस. सकाळी बर्फ बोटभर. छत पुसले, पाच पस्तीस. आज ढग, बर्फ धरला नाही. दुसऱ्या वर्षी प्रकाशभाऊंची सही बरोबरीने होती. चौथ्या वर्षी लिहिलं होतं, यांना आज शिडी चढवेना, मी एकटीनेच पुसले. मागच्या वर्षी सातही दिवस एकटीचीच सही. आणि अगदी पहिल्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, नोंदीच्या खाली, कुणी विचारलं नसताना लिहिलेल्या दोन ओळी.

मे महिन्यात या खोलीत आमच्या धांडे मॅडम येतात. त्यांच्या यजमानांना बर्फ कमी पडू नये म्हणून उत्तरेकडचा कोपरा दोनदा पुसला.

प्रणिताबाईंनी वही गजाननरावांपुढे धरली. त्यांनी वाचलं, पोछा उचलला आणि शिडीकडे निघाले. लाइनमनचे पाय, शिडी त्यांना नवी नव्हती, पण साठीचा माणूस वर पोचेपर्यंत दोनदा थांबला. दोघांनी मिळून छत पुसलं. गार वाऱ्यात ओले हात लाल झाले, मग बधिर झाले. मावळतीला गजाननराव उत्तरेकडच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसले आणि तो कोपरा त्यांनी फडक्याने पुन्हा एकदा पुसला. एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदाच तिच्याशी नीट बोलले. "आपण याच्यावर निजलो," ते म्हणाले.

घरून निघताना गजाननरावांनी टेबलावरची चिठ्ठी खिशात टाकली होती; सातव्या दिवशी प्रणिताबाईंनी ती त्यांच्याकडून मागून घेतली, वहीच्या कोऱ्या पानावर डिंकाने चिकटवली आणि खाली लिहिलं. ही चिठ्ठी इतर अकरा चिठ्ठ्यांपेक्षा जाड कागदाची आहे. ती मी केली आणि मीच ओळखून उचलली. अकरा वर्षं आम्ही ज्या बर्फावर झोपलो तो तुमचाही होता. हे तोंडावर सांगायचं धैर्य झालं नाही. तुमच्या यजमानांच्या तब्येतीचं जे झालं त्यात माझा हात आहे. प्रणिता धांडे. गजाननरावांनी पेन मागितलं. सहीखाली लिहिलं, गजानन धांडे, झोपणारा. पान फाडून टाकावं असं प्रणिताबाईंना निघेपर्यंत तीनदा वाटलं. किल्ली परत दिली तेव्हा वही खिळ्यावरच होती.

मे महिना आला. तिसऱ्या आठवड्यात अकोल्याने एकोणपन्नासाला हात लावला. गजाननराव दिवसभर ओल्या चादरीखाली फरशीवर पडून असायचे. चौथ्या दिवशी त्यांच्या पायांवर सूज दिसली. बोट दाबलं की खड्डा तसाच राहत होता. हे काय आहे ते प्रणिताबाईंना पुस्तकातून माहीत होतं, आता बोटाला कळलं. त्यांची नजर सारखी फोनकडे जाई. तायडे मॅडम पहिल्याच दिवशी वही उघडणार, ही खात्री होती. छापील पाकिटावरच्याही शुद्धलेखनाच्या चुका काढणारी ती बाई, भिंतीवरची वही न वाचता राहीलच कशी. पण फोन वाजला तो सातव्या दिवशी सकाळी.

"यांच्या पायाची सूज उतरली," तायडे मॅडम म्हणाल्या. आवाज सपाट होता, परीक्षेत सूचना वाचून दाखवतात तसा. "काल रात्री तर पांघरूण मागतलं."

प्रणिताबाई बरं झालं म्हणाल्या. 

"पहिल्याच दिवशी वाचलं मी. यांनाही वाचून दाखवलं. सहा दिवस काय बोलावं ते ठरवत होती. तीस वर्षं मराठी शिकवली, पण एक वाक्य जमलं नाही."

"मॅडम, मला माफ..."

"ते नका म्हणू," तायडे मॅडमने मध्येच तोडलं. "तुम्ही म्हणलं की मले हो म्हणावं लागते. वीस वर्षांची सवय हाय."

 प्रणिताबाईंनी मनाशी जुळवून ठेवलेलं सांगितलं. पुढच्या वर्षीपासून मे महिना तुमचाच. पटत नसेल तर आलटून पालटून घेऊ, एक वर्ष तुम्ही, एक वर्ष आम्ही. देखभाल दोन्ही वर्षं मी भरेन.

"नको," तायडे मॅडम म्हणाल्या. "तुम्ही दिलेलं नको. अकरा वर्षं मी जानेवारीले माझं नशीब म्हणत होती. छत पुसताना, यांचा रिपोर्ट पाहताना, तेच म्हणत होती. ते माझं नशीब नव्हतं. मले एकदा खरंखुरं नशीब पाहू द्या."  मागे कुठेतरी प्रकाशभाऊ खोकल्याचा आवाज आला. "डिसेंबरात परत चिठ्ठ्या टाकू. दोनच. जो आठवडा निघन तो कायमचा. मग यांचं काहीही होवो, भाऊंचं काहीही होवो."

प्रणिताबाईंनी फरशीवरच्या गजाननरावांकडे पाहिलं. ते जागे होते आणि सगळं ऐकत होते. त्यांनी मान हलवली.

"हो," प्रणिताबाई म्हणाल्या.

"कागद मी आणीन," तायडे मॅडम म्हणाल्या. "आणि पहिला हात माझा."

फोन बंद झाला. पंखा केव्हाचा थांबला होता, वीज पुन्हा गेली होती. प्रणिताबाईंनी बादलीत फडकं बुडवलं, पिळलं आणि गजाननरावांच्या सुजलेल्या पायांवर ठेवलं. ते ठेवताठेवताच कोमट झालं होतं, म्हणून त्यांनी ते उचलून पुन्हा भिजवलं.